कोण काढणार?

आत्याने कागद डोळ्यांजवळ धरला, दोनदा वाचला आणि मला विचारलं, "कोण काढणार?"

कागदावर माझंच एक वाक्य होतं. "तुम्हाला या अभ्यासातून काढले जाऊ शकते." मूळ इंग्रजीत होतं, "यू मे बी विथड्रॉन फ्रॉम द स्टडी." शब्दाला शब्द जुळत होता, व्याकरणात चूक नव्हती. मी ते सकाळी लिहून हातावेगळं केलं होतं आणि दुपारी सहज एका कोऱ्या कागदावर उतरवून आत्यापुढे ठेवलं होतं. सातवी शिकलेली, सगळं आयुष्य जुन्नरकडच्या शेतात काढलेली आणि गुडघ्यांच्या उपचारासाठी महिनाभर माझ्याकडे पुण्याला आलेली आत्या. असलं संमतीपत्र ज्यांच्या हाती पडतं, त्यांच्यातलीच एक.

"डॉक्टर काढतील ना," मी म्हटलं.

"मग तसं लिही की."

नवीन औषध बाजारात येण्याआधी ते माणसांवर तपासतात. या तपासणीलाच कागदात 'अभ्यास' म्हणतात. त्या तपासणीत भाग घेणाऱ्याला आधी सगळं त्याच्या भाषेत सांगावं लागतं: काय करणार, धोका काय, पैसे कोण देणार, मधेच सोडता येईल का. ते सगळं संमतीपत्रात असतं. भाग घेणारा सही करतो किंवा अंगठा उठवतो. वाचता येत नसेल तर एक निःपक्ष साक्षीदार शेजारी बसतो. मी ही संमतीपत्रं इंग्रजीतून मराठीत आणते. माझं काम झालं की दुसरा कुणीतरी, ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही, माझं मराठी परत इंग्रजीत नेतो. मग दोन्ही इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहतात. या उलट्या फेरीला आमच्या धंद्यात बॅक ट्रान्सलेशन म्हणतात, आणि माझी झोप उडवणारे बरेचसे प्रश्न तिथूनच येतात.

आत्याचं ऐकून मी वाक्य बदललं. "अभ्यासाचे डॉक्टर तुम्हाला अभ्यासातून काढू शकतात." आठवड्याने फाइल परत आली. शेरा होता: मुळात डॉक्टर नाही, अनुवादात भर घातली आहे, काढून टाका. शेरा लिहिणाऱ्याची चूक नव्हती. मुळात डॉक्टर खरोखरच नव्हता. मी त्याला बाहेर काढलं आणि जुनं वाक्य परत बसवलं. त्या दिवसापासून इंग्रजीतलं हे एकच वळण माझ्या मनात घर करून आहे. मे, कॅन, मस्ट, शुड, शॅल यांपैकी एक शब्द, त्यामागे बी, त्यामागे क्रियापदाचं तिसरं रूप.

शाळेत हे आम्हाला 'चेंज द व्हॉइस' म्हणून शिकवलं. वाक्य उलटं करायचं, कर्म पुढे आणायचं, कर्त्याला बाय लावून शेपटाला टांगायचं, आणि मे-कॅनसारखा शब्द, म्हणजे मोडल, असेल तर त्याला हात न लावता मागे बी ठेवायचं. बाईंनी सांगितलं होतं की मोडलला तिसरं रूप नसतं, म्हणून त्याचा पॅसिव्ह होत नाही, होतो तो मागच्या क्रियापदाचा. हे अगदी बरोबर आहे. पण त्याच दमात त्या म्हणाल्या होत्या की व्हॉइस बदलला तरी अर्थ बदलत नाही, फक्त जोर बदलतो. आम्ही ते वहीत लिहून घेतलं आणि परीक्षेत मार्क मिळवले.

अर्थ बदलतो. "द डॉक्टर विल नॉट एक्झॅमिन हर" यात नकार डॉक्टरचा आहे, डॉक्टर तिला तपासायला तयार नाही. आता उलटा करा: "शी विल नॉट बी एक्झॅमिन्ड बाय द डॉक्टर." हे वाक्य इंग्रज माणूस ऐकेल तेव्हा नकार तिचाही असू शकतो, ती डॉक्टरला हात लावू देणार नाही. शब्द तेच, तपासणी तीच, हट्ट मात्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला. कारण विल हा शब्द ज्याच्या शेजारी बसतो त्याच्या इच्छेला चिकटतो. संमतीपत्रात तर कुणाची इच्छा हाच सगळा प्रश्न असतो.

कॅनचं तर मी स्वतः पलंगावर पडून अनुभवलं आहे. एका शस्त्रक्रियेच्या आधी माझ्या हातात सुई लावायची होती. नर्सने चार ठिकाणी टोचलं. मग केसपेपरवर कुणीतरी लिहिलं की शीर सापडू शकली नाही. इंग्रजीत, पॅसिव्हमध्ये. नर्सला शीर सापडली नाही, ही एका माणसाच्या एका सकाळची गोष्ट होती, तिथे दुसरी नर्स आली असती तर कदाचित सापडलीही असती. 'कुड नॉट बी फाउंड' म्हटल्यावर ती माझ्या हाताची गोष्ट झाली. मोडलखालचा कर्ता गेला की त्याची असमर्थता जगाची अशक्यता होऊन बसते. त्या मुलीचा मला राग नव्हता, तिचे हात थरथरत होते. पण ते वाक्य वाचून माझ्या हाताबद्दल मला अपराधी वाटलं, आणि तसं वाटायचं काही कारण नव्हतं.

मराठी इथे साळसूद आहे असं मी म्हणणार नाही. सापडणं, मिळणं, फुटणं, सांडणं ही आपली क्रियापदं मुळातच कर्त्याला घरी ठेवून येतात. "कप फुटला" म्हणणाऱ्या पोराच्या हातूनच तो फुटलेला असतो हे प्रत्येक आईला माहीत असतं. फरक एवढाच की "मला सापडली नाही" म्हणायची वाट मराठीत उघडी राहते. एक 'मला' लावला की माणूस वाक्यात परत येतो.

आपल्याकडेही मोडल आणि पॅसिव्ह एकत्र येतात का, हे मी पुढे शोधत गेले, आणि सापडलं ते इतकं जवळ होतं की आजवर दिसलं कसं नाही याचं आश्चर्य वाटलं. गोळ्यांच्या पाकिटावर इंग्रजीत असतं, "टु बी टेकन आफ्टर फूड." आपण म्हणतो, जेवणानंतर घ्यावी. 'घ्यावी' या एका शब्दात दोन्ही गोष्टी आहेत. गोळी एक असेल तर घ्यावी, गोळ्या अनेक असतील तर घ्याव्यात, काढा असेल तर घ्यावा. क्रियापद घेणाऱ्याकडे बघतच नाही, ते गोळीच्या लिंगवचनाने चालतं. म्हणजे प्रयोग कर्मणी झाला. आणि 'आवा'मध्ये कर्तव्याची छटा आहेच. इंग्रजीला जे तीन शब्दांत मांडावं लागतं ते आपल्याकडे एका प्रत्ययात मुरलेलं आहे.

हा प्रत्यय संस्कृतातल्या 'तव्य'पासून प्राकृतातून उतरत आला. कर्तव्य म्हणजे जे केलं गेलं पाहिजे ते. गंतव्य, वक्तव्य, ज्ञातव्य ही त्याचीच भावंडं, आणि 'करावा' त्याच घरातला. लॅटिनमध्येही असंच रूप होतं. अजेंडा म्हणजे करायच्या गोष्टी, मेमोरॅन्डम म्हणजे लक्षात ठेवायची गोष्ट. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अजेंडा वाटला जातो तेव्हा त्या शब्दाच्या पोटातही एक 'केल्या गेल्या पाहिजेत' बसलेलं असतं, आणि कुणी करायच्या हे त्याही शब्दात नसतं.

आणि 'पाहिजे'! हे कळलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि आत्याला सांगितलं. जुन्या मराठीत 'इजे' लावून कर्मणी होत असे: बोलिजे, जाणिजे, कीजे. व्याकरणाची पुस्तकं त्याला पुराण कर्मणी म्हणतात आणि तो आता वापरात नाही असं सांगतात. पण म्हणिजेचा 'म्हणजे' झाला आणि पाहण्याचा 'पाहिजे' झाला, आणि दोन्ही आपल्या तोंडात रोज आहेत. "मला चहा पाहिजे" म्हणजे मुळात चहा शोधला जातो, बघितला जातो. सातशे वर्षांपूर्वीचा पॅसिव्ह आज आपला मस्ट झाला आहे. आत्या म्हणाली, "बरं, मग चहा पाहिजे का तुला?" आणि आधण ठेवलं.

मग पसायदान पुन्हा वाचलं. लहानपणापासून पाठ असलेलं म्हणून कधी वाचलंच नव्हतं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी, शके १२१२ मध्ये, मागणं मागताना 'आतां' म्हटल्याबरोबर येतो तो 'विश्वात्मकें देवें'. तृतीया. देवाने. मग तोषावें, मग द्यावें. मागणाऱ्याने सगळ्यात आधी कुणी करायचं ते सांगून टाकलं आणि मग काय करायचं ते. विध्यर्थात, म्हणजे या 'आवा'च्या रूपात, कर्ता असा ताठ उभा राहू शकतो, त्याला बाय लावून शेवटी टांगावं लागत नाही. मला ही आपल्या भाषेची फार मोठी दौलत वाटते. इंग्रजी पॅसिव्हमध्ये कर्ता वाक्य संपल्यावर येतो आणि आला नाही तरी कुणाचं अडत नाही. आपल्याकडे 'ने' लावलेला कर्ता वाक्याच्या तोंडाशीच असतो, आणि तो नसला की कान विचारतो, कोणी? आत्याच्या कानाने तेच विचारलं होतं.

मग ही दौलत आपण घालवतो कुठे? दोन ठिकाणी. एक सरकारी कागदात. "सदर रक्कम अदा करण्यात यावी." "उचित कार्यवाही करण्यात यावी." 'करावी' म्हटलं असतं तर कुणी तरी विचारलं असतं, कोणी करावी? 'करण्यात यावी' म्हटलं की काम आपोआप चालत येणार आहे असं वाटतं. यात 'ने' बसवून बघा. "तलाठ्याने करण्यात यावी." बसत नाही. कर्त्याला यायचंच असेल तर 'कडून' लावून मागच्या दाराने, आणि तो आला नाही तरी कानाला खटकत नाही. वडिलांच्या निवृत्तीवेतनाच्या एका अर्जामागे आम्ही तीन वर्षं फिरलो. प्रत्येक उत्तराच्या शेवटी हेच शब्द होते आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस मनापासून म्हणत होता की हे माझ्याकडे नाही. तो खोटं बोलत नव्हता. कागदावर खरोखरच ते कुणाकडेही नव्हतं.

दुसरं ठिकाण आमचं, अनुवादकांचं. 'केले जाऊ शकते' हे शब्द आम्ही मराठीत इतके ओतले आहेत की आता वर्तमानपत्रंही तसंच लिहितात. कॅन बी आलं की जाऊ शकते, मे बी आलं की जाऊ शकते, कुड बी आलं तरी जाऊ शकते. खरं तर मराठीत 'करता येतं' आहे, 'होईलही' आहे, 'चालेल' आहे, 'करायला हरकत नाही' आहे, 'करू देतील' आहे. आणि 'मला बघवत नाही' आहे, ज्याला शक्य कर्मणी म्हणतात आणि ज्याचं इंग्रजी मला अजून जमलेलं नाही. "आत्याला आता जिना चढवत नाही" यात जिना आहे, न चढवणं आहे आणि 'ला' लावून आत्याही आहे. तिचं दुखणं वाक्यातून कुठे गेलेलं नाही.

'जाऊ शकते'ने होणारं नुकसान भाषेच्या सौंदर्यापुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. एका फॉर्ममध्ये होतं, "युअर सॅम्पल्स मे बी स्टोअर्ड फॉर फ्युचर रिसर्च." मेचे इथे दोन अर्थ निघतात. एक शक्यतेचा: नमुने कदाचित साठवतील, कदाचित नाही. दुसरा परवानगीचा: नमुने साठवायला मुभा आहे. पहिल्या अर्थाने वाचणारा माणूस म्हणेल, बरं, त्यांचं ते बघतील. दुसऱ्या अर्थाने वाचणारा विचारेल, मुभा कुणी दिली? मी तर अजून सही केली नाही. मी "साठवले जाऊ शकतात" असं लिहून पुढे गेले होते. तीन पानांनंतर हो आणि नाही असे दोन चौकोन आले. म्हणजे ती मुभा सही करणाऱ्यानेच द्यायची होती! माझ्या वाक्याने तो प्रश्न आधीच मिटवून टाकला होता. मी मागे जाऊन लिहिलं: "तुम्ही परवानगी दिलीत तरच तुमचे नमुने पुढच्या संशोधनासाठी साठवतील." बॅक ट्रान्सलेशनमध्ये हे वेगळं दिसलं, प्रश्न आला, मी चौकोनांकडे बोट दाखवलं आणि या वेळी मान्य झालं.

संमतीपत्राचा उगम जिथे आहे तिथे या वळणाकडे लोकांनी किती काळजीने पाहिलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला. २३ आरोपी, त्यांतले २० डॉक्टर. छळछावण्यांतल्या माणसांवर त्यांच्या संमतीशिवाय केलेले प्रयोग हा आरोप. ऑगस्ट १९४७ मध्ये अमेरिकी न्यायाधीशांनी निकाल दिला आणि त्यात दहा कलमं घातली, ज्यांना आपण न्यूरेंबर्ग संहिता म्हणतो. त्यातली बहुतेक शुड बीच्या चालीवर आहेत: प्रयोग असा केला जावा, तसा केला जाऊ नये. कर्ता नाही. पण पहिल्या कलमाच्या शेवटी चाल बदलते. संमती खरी आहे की नाही याची जबाबदारी प्रयोग सुरू करणाऱ्या, चालवणाऱ्या आणि त्यात काम करणाऱ्या प्रत्येकावर आहे, असं सांगून ते म्हणतात की ही जबाबदारी व्यक्तिगत आहे आणि ती दुसऱ्याकडे सोपवून मोकळं होता येणार नाही. मुळात तिथेही 'मे नॉट बी डेलिगेटेड' आहे, म्हणजे मोडल आणि पॅसिव्हच. फक्त त्याआधीच्या ओळीत सगळ्या कर्त्यांना नावानिशी उभं केलं आहे, म्हणून इथे पळायला जागा नाही. वरून हुकूम होता, असं सांगणाऱ्यांचा खटला ऐकून झाल्यावर लिहिलेली ती ओळ आहे. ती मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवली आहे.

कर्ता नसणं नेहमीच वाईट असतं असं मात्र मला आता वाटत नाही. आपल्या संविधानाने मला तिथे थांबवलं. अनुच्छेद १४ म्हणतो की राज्य कुणालाही कायद्यापुढची समानता नाकारणार नाही. तिथे कर्ता आहे, राज्य. अनुच्छेद २१ मध्ये कर्ता नाही. "नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड", कुणाही व्यक्तीला जीवितापासून किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्यापासून, कायद्याने ठरवलेल्या रीतीखेरीज, वंचित केलं जाणार नाही. कुणाकडून? लिहिलेलं नाही. ३ जानेवारी २०२३ रोजी कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं की अनुच्छेद १९ आणि २१ मधले हक्क राज्याखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. कायद्याचं मला फारसं कळत नाही, पण व्याकरण कळतं, आणि इथे रिकामी जागा दुबळ्याच्या बाजूने उभी आहे. कर्ता लिहिला असता तर बाकीचे सगळे सुटले असते. शॅलचा जुना अर्थ देणं लागणं, ऋणी असणं असा होता. इथे ते देणं प्रत्येकाच्या अंगावर येतं.

म्हणजे रिकामी जागा कुणाच्या उपयोगाला येते, हे प्रत्येक वेळी पाहावं लागतं. हक्क सांगताना कर्ता सोडला तर हक्क रुंद होतो. अधिकार सांगताना कर्ता सोडला तर जाब विचारायला माणूस उरत नाही. "तुम्हाला काढले जाऊ शकते" हा अधिकार आहे.

आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की नियमात कर्ता आहे. आपल्याकडच्या २०१९च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत संमतीपत्रात काय काय असलं पाहिजे याची यादी दिली आहे. त्यात एक मुद्दा असा की सहभागी व्यक्तीच्या संमतीशिवाय संशोधक तिचा सहभाग कोणत्या परिस्थितीत थांबवू शकतो ते आधी सांगावं. तिथे संशोधक नावाने हजर आहे. नियमातून फॉर्ममध्ये येताना तो गळतो, आणि फॉर्ममधून मराठीत येताना त्याला परत आणायची मला मुभा नसते.

गेल्या महिन्यात तेच वाक्य पुन्हा समोर आलं. वेगळं औषध, वेगळी कंपनी, तेच शब्द. या वेळी मी परस्पर भर घातली नाही. समासात प्रश्न लिहिला: या वाक्यात बाय हूम, ते कळवा, मराठीत त्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. सोबत नियमातला तो मुद्दा जोडला. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी मूळ इंग्रजीच दुरुस्त होऊन आलं. आता तिथे लिहिलं होतं की स्टडी डॉक्टर तुम्हाला काढू शकतात, आणि कोणत्या चार कारणांसाठी, तेही.

मी मराठीत लिहिलं: "अभ्यासाचे डॉक्टर तुम्हाला या अभ्यासातून काढू शकतात. त्यासाठी तुमची संमती लागत नाही. पण का काढलं हे त्यांनी तुम्हाला सांगितलं पाहिजे." शेवटचं वाक्यही मुळात होतं, आधी ते दोन पानं पुढे "यू शुड बी इन्फॉर्म्ड" असं एकटं पडलेलं होतं.

संध्याकाळी आत्याला फोन केला आणि वाचून दाखवलं. गुडघे कसे आहेत, पाऊस किती झाला हे बोलून झाल्यावर. तिला ते जुनं वाक्य आठवत नव्हतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि नाही सांगितलं डॉक्टरने तर कुणाकडे जायचं?"

त्याचं उत्तर पान अकरावर होतं. चाचणीवर नजर ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीच्या अध्यक्षांचं नाव आणि फोन नंबर. मी फाइल पुन्हा उघडली आणि त्या पानावरची मराठी तपासायला घेतली.